दोन टिचक्यांच्या आत

बस डेपोच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी लागते. खिडकीला जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट, आणि फटीपलीकडे ताई. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर बासष्ट खुंट्या आणि बासष्ट किल्ल्या. सगळा डेपो त्या भिंतीवर टांगलाय, असं ड्रायव्हर लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. ताईनं फटीतून किल्ली सरकवल्याशिवाय तिथलं एकही चाक हलत नसे.

तिला सगळेच ताई म्हणत, निवृत्तीला टेकलेले ड्रायव्हरसुद्धा. त्यामुळे तिचा सख्खा धाकटा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हा त्याच्या ‘ताई’ला काही वेगळा भाव उरला नाही. “मी बोलायला लागल्यापासून म्हणतोय. हे सगळे फुकटे मागून आलेत,” असं तो कुरकुरायचा.

किल्ली देणं म्हणजे काय मोठंसं काम, असं बघणाऱ्याला वाटतं. वही पुढे करायची, सही घ्यायची, किल्ली द्यायची. ताईनंही पहिली काही वर्षं तेच केलं. मग एकदा, निव्वळ कंटाळा आला म्हणून, ती खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागली, “काय खाल्लंस?” आता हा काही प्रश्न नव्हे. कोणी म्हणायचं पाव-अंडं, कोणी म्हणायचं बायकोची बोलणी. पण महिन्या-दोन महिन्यांत तिच्या कानाला एक गोष्ट खटकायला लागली. बहुतेकांचं उत्तर तोंडातून आपसूक पडायचं. एखाद्याचं मात्र अडखळायचं. “आज ना? आज बघा...” आणि जो असा अडखळायचा तो त्या दिवशी आरसा तरी फोडून यायचा, नाहीतर एखादा थांबा तरी गाळून.

असं का, ते तिला सांगता येत नव्हतं. ज्याचं डोकं जागेवर आहे त्याला तासाभरापूर्वी काय गिळलं ते आठवतं, एवढंच तिचं शास्त्र. झोप झालेली नसो, अंगात कणकण असो, घरात वाजलेलं असो. डोक्यात नको ते बिऱ्हाड येऊन बसलं की पहिला बाहेर पडतो तो नाश्ता. मग तिनं नियमच केला. प्रश्न विचारायचा आणि किल्लीला लावलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर नखानं दोन टिचक्या मारायच्या. टक्, टक्. दुसऱ्या टिचकीच्या आत उत्तर आलं तर किल्ली बाहेर. नाही आलं तर किल्ली परत खुंटीवर आणि राखीव ड्रायव्हरला हाक. उत्तर खरं की खोटं ते ती बघत नसे. दगड खाल्ले म्हण, पण वेळेत म्हण.

आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे त्यातलं पोटकलम. दुसऱ्यांदा विचारलं की सगळेच हुशार होतात.

या नियमाला तिनं एकदाच बगल दिली होती. एक जुना, सदा हसतमुख ड्रायव्हर अडखळला आणि हात जोडून म्हणाला, “ताई, आजच्या दिवस जाऊ द्या ना.” तिला भीड पडली. दुपारी त्याची गाडी वळणावरच्या भिंतीत घुसली. प्रवासी वाचले, त्याचा उजवा पाय गेला. तो अजूनही अधूनमधून कुबड्या टेकत डेपोत यायचा, तिला कधी एका शब्दानं बोलला नाही, उलट हसायचाच. ते हसणं तिला शिवीपेक्षा जास्त झोंबायचं. त्या दिवसापासून भीड नावाची वस्तू तिनं खिडकीबाहेर फेकून दिली. एकोणीस वर्षांत एकेचाळीस जणांना तिनं किल्ली नाकारली होती आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

यंदा नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट रकान्यात बसलेली लागे. येताना त्यांनी सत्तावीस गुणांचा फॉर्म आणला, दारू प्यायलाय का ते बघायला फुंकायचं यंत्र आणलं, आणि दिव्याचं यंत्र आणलं. हिरवा दिवा लागून शिट्टी वाजली की बटण दाबायचं. जितकं लवकर दाबाल तितके गुण. सत्तावीसपैकी वीस मिळाले की किल्ली. किल्ली देणाऱ्याचा नकाराचा जुना अधिकार तेवढा अजून कागदावर शिल्लक होता, आणि तोच साहेबांच्या डोळ्यांत सलत होता.

“तुमच्या त्या नाश्त्याच्या प्रश्नाला पुरावा काय?” त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“पुरावा नाही.”

“एकेचाळीस जणांना अडवलंत. त्यातले किती जण खरोखर धडकले असते?”

“ते कसं कळणार, साहेब? गेलेच नाहीत ना ते.”

साहेबांनी कपाळाला हात लावला होता. त्यांचं चुकत होतं असंही नाही. ताईलाही आतून ठाऊक होतं की आपण अडवलेल्यांपैकी कितीतरी जण सुखरूप गेले असते आणि सुखरूप आले असते. पण कोणते, ते सांगणारा अजून कोणी भेटला नव्हता.

आता त्या सकाळची गोष्ट. डोंगरावर एक शाळा होती आणि तिच्या गाडीची फेरी म्हणजे डेपोतला मान. अडतीस मुलं, बावीस वळणं, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. ती फेरी सेवाज्येष्ठतेनं मिळायची. ताईच्या भावानं सहा वर्षं वाट बघितली होती आणि त्या सोमवारपासून नाव त्याचं लागलं होतं. साहेबांनी मात्र एक अट घातली होती. ज्याला पहिल्याच दिवशी किल्ली मिळणार नाही त्याचं नाव यादीच्या तळाशी जाईल. भाऊ चाळिशीला आला होता. तळापासून पुन्हा वर यायचं म्हणजे पन्नाशी गाठणं, हे त्याला कळत होतं आणि तिलाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो खिडकीशी आला. शर्टाला कडक इस्त्री, केस चापून बसवलेले, खिशाला नवं पेन. मागे पाच-सहा जण रांगेत होते आणि डोंगराची गाडी म्हणून साहेब जातीनं फॉर्म घेऊन हजर होते. फुंकायच्या यंत्रावर शून्य. झोप सात तास. दिव्याच्या यंत्रावर तर त्यानं कमालच केली.

“अख्ख्या डेपोत एवढ्या झटपट बटण कोणी दाबलं नाही,” साहेब म्हणाले. “सत्तावीसपैकी सव्वीस. द्या किल्ली.”

ताईनं किल्ली खुंटीवरून काढली. आई गेली तेव्हा हा सातवीत होता. त्याचे डबे, त्याचे गुडघे फुटलेले पायजमे, त्याची नापास झालेली गणितं सगळी तिच्या हाताखालून गेली होती. तिला भरून आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिनं मुद्दाम रुक्ष आवाजात विचारलं, “काय खाल्लंस?”

तो जाळीतून तिच्याकडे बघत राहिला.

“मी ना? पाव खाल्ला की. पाव, आणि ते आपलं... चहा.”

ताईच्या कानाला ते खटकलं. उत्तर उशिरा आलं होतं. पण किती उशिरा? तिनं हाताकडे पाहिलं. बिल्ला बोटांत होता आणि नख जिथल्या तिथे होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती टिचक्या मारायला विसरली होती. म्हणजे मनातल्या मनात तिनं किल्ली आधीच देऊन टाकली होती आणि प्रश्न नुसता रीतीपुरता विचारला होता. स्वतःची अशी लाज तिला फार दिवसांत वाटली नव्हती.

आता पंचाईत अशी की मोजमाप हातात नव्हतं. जे होतं ते नुसतं पोटातलं. आणि पोटाचा काय भरवसा? त्या बावीस वळणांवर याला पाठवायची भीती तिला यादी लागल्यापासूनच वाटत होती. म्हणजे हा उशीर खरा, की आपल्याच भीतीनं आपल्याला ऐकवलेला? पुन्हा विचारावं तर आपलंच पोटकलम आडवं. रांगेतला कोणीतरी खाकरला.

तिनं डोळे मिटले. तेच शब्द तिनं पुन्हा मनात वाजवून बघितले, पण दुसऱ्याच्या तोंडी घालून. रांगेत मागे राखीव ड्रायव्हर उभा होता, खांबासारखा उंच, सगळे त्याला लंबू म्हणत. लंबू म्हणतोय, ‘मी ना? पाव खाल्ला की. पाव, आणि ते आपलं... चहा.’ लंबूला दिली असती का किल्ली?

नसती दिली. क्षणभरही थांबले नसते.

तिनं डोळे उघडले, मागे वळून किल्ली खुंटीवर अडकवली आणि म्हणाली, “नाही. राखीव, पुढे या.”

“ताई, चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही. उत्तर उशिरा आलं.”

“अगं, सव्वीस गुण आहेत मला! विचार साहेबांना.”

“गुण असतील. उत्तर उशिरा आलं.”

साहेब पुढे सरसावले. “ताई, हा अंदाजपंचे कारभार आहे. टिचक्यासुद्धा मारल्या नाहीत तुम्ही, मी इथेच उभा आहे.”

“नाही मारल्या. ती माझी चूक, तेवढी वहीत माझ्या नावावर लिहा. माझ्या चुकीपायी गाडी वर पाठवणार नाही.”

“तुमच्याच भावाचं नुकसान होतंय, कळतंय का?”

“माझ्याएवढं कोणाला कळणार, साहेब?”

भाऊ जाळीला चेहरा लावून उभा होता. त्याचा आवाज खाली आला, आणि खाली आलेला त्याचा आवाज तिला लहानपणापासून ओळखीचा होता. खरा राग आला की तो ओरडायचा नाही.

“सहा वर्षं थांबलोय मी. तुला माहितीये. तू मला अजून सातवीतलाच समजतेस. मी वर गेलेलं तुला बघवतच नाही.”

ताईच्या कानशिलावर हे कोणीतरी हात उगारून मारल्यासारखं बसलं. उत्तर द्यायला जीभ वळवळली, पण तिनं ती दातांखाली धरली. आता बोलायला लागले तर रडेन, आणि रडले तर किल्ली देऊन बसेन, एवढा हिशेब तिला पुरता जमत होता.

“राखीव!” तिनं हाक मारली. लंबू बिचारा चोरासारखा पुढे आला. “काय खाल्लंस?”

टक्.

“कालचा भात आणि दोन केळी, ताई. एक जरा सडकं होतं.”

टक्. किल्ली बाहेर गेली.

साहेबांनी नकाराचा कागद पुढे केला. त्यात कारणाचा रकाना होता, बोटभर रुंद. ताईनं लिहिलं, ‘उत्तर उशिरा आलं.’

“हे कारण होऊ शकत नाही,” साहेब म्हणाले.

“मग खोडा आणि रकाना मोकळा ठेवा. माझ्याकडे दुसरं कारण नाही.”

साहेबांनी खोडलं नाही. कागदाची घडी घालून ते निघून गेले. भाऊ केव्हाच फाटकाबाहेर पडला होता.

सव्वाआठला डोंगराची गाडी परत आली. ओरखडासुद्धा नव्हता. लंबूनं किल्ली फटीतून आत सरकवली आणि उगाचच म्हणाला, “रस्ता अगदी मोकळा होता, ताई. कोणीही नेली असती.” त्याला धीर द्यायचा होता की टोमणा मारायचा होता, देव जाणे. दिवसभर खिडकीशी जो तो आला तो जरा जास्तच लवकर उत्तर देऊन गेला आणि कोणी गप्पा मारायला थांबलं नाही. कँटीनवाल्यानं चहा आणून ठेवला तोही पाठ फिरवून. ताई आपल्या जागी बसून होती. तिला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण सकाळ पुन्हा उगवली असती तरी तिनं तेच केलं असतं. वाईट वाटणं एकीकडे आणि किल्ली एकीकडे.

एक वाजता पाळी संपली. ती घरी गेली नाही, तडक भावाकडे निघाली. शिव्या घालायच्या असतील तर तोंडावर घालू दे, दार लावून घ्यायचं असेल तर माझ्यासमोर लावू दे, पण हे असं आत कुजत ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. भाऊ तिसऱ्या मजल्यावर राहायचा. भावजय इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, ती संध्याकाळपर्यंत यायची नाही. म्हणजे घरात तो एकटा, हेही बरंच होतं.

तीन जिने चढून ताईला धाप लागली. लांबलचक गॅलरीच्या टोकाला मोठी खिडकी होती, तिच्यातून दुपारचं ऊन थेट आत येत होतं, आणि त्या उन्हाकडे पाठ करून ती त्याच्या दाराशी उभी राहिली. कडी वाजवली. आतून पावलं आली. दार उघडलं.

दोघांत हातभराचं अंतर होतं. त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, “कोण पाहिजे तुम्हाला?”

ताईला वाटलं, हे मात्र फार झालं. रागावलास तर रागाव, पण सख्ख्या थोरल्या बहिणीला ‘तुम्हाला’? दारातून परक्यासारखं? तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खडसावायला तोंड उघडलं, पण धापेनं शब्द फुटेना.

तो वाट बघत होता. कपाळाला बारीक आठी, मान किंचित वळवलेली. रागाचं काही नव्हतं त्या चेहऱ्यावर. होता तो नुसता शिष्टाचार, अनोळखी माणसासाठी ठेवलेला.

“बायको कामावर गेलीये माझी,” तो नम्रपणे म्हणाला. “तिच्याकडे काम असेल तर संध्याकाळी या.”

ताईनं चौकट धरली.

“अरे,” ती म्हणाली, “मी आहे.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हळूच खाली वाकून, हातानं चाचपून, तो उंबऱ्यावर बसला.

“उजेड मागून आला की नाही दिसत,” तो म्हणाला. “नुसतं काळं दिसतं.”

“कधीपासून?”

“झाले सहा-सात महिने. आधी एकाच डोळ्याला होतं.”

“डोळ्यांची तपासणी झाली ना तुझी? पास झालास.”

“तक्ता पाठ आहे माझा. बारा वर्षं तोच आहे भिंतीवर.” तो हसला, पण ते हसू पुरतं आलं नाही. “आणि साहेबांचं ते यंत्र शिट्टी वाजवतं. दिवा कशाला बघायला पाहिजे?”

“आणि अडतीस पोरं घेऊन डोंगरावर निघाला होतास तू.”

“यादीत नाव आलं, ताई. नको म्हटलं असतं तर का नको, ते विचारलं असतं सगळ्यांनी. सांगायला तोंड नव्हतं. दुसरं काय येतं मला? गाडी चालवता येते, बस.” त्यानं तळहातांनी डोळे दाबून धरले. “साहेबांना सांगणार तू?”

“नाही. तू सांगायचंस.”

“ताई...”

“उद्या सकाळी तू आणि मी, आधी डॉक्टर, मग साहेब. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील. बरं होण्यासारखं असेल तर बरं करू, नसेल तर दुसरं काम शोधू, डेपोत काय चाकामागे बसणारेच जगतात? पण सांगायचं तू, तुझ्या तोंडानं.”

“आणि नाहीच सांगितलं तर?”

“तर उद्याही किल्ली नाही. परवाही नाही. मी त्या खिडकीत आहे तोवर नाही.”

खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली आपटत जिना धूत होतं, तो आवाज तेवढा वर येत राहिला. मग त्यानं मान हलवली, एकदाच, आणि ती होकाराची होती. ताईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती त्याच्याशेजारी उंबऱ्यावर, डाव्या अंगाला, जागा करून बसली.

“तिथे नको,” तो म्हणाला आणि चाचपत तिचा हात धरला. “या बाजूला बस. इकडून थोडी दिसतेस.”